दिनविशेष कसा बनवायचा: तारीख टाकण्याआधी ती कुणाची ते बघा

दिनविशेष बनवणं म्हणजे तसं पाच मिनिटांचं काम, सर्चमध्ये तारीख टाकायची, जे पहिलं पान उघडेल त्यातल्या पंधरा-वीस ओळी उचलायच्या, वर फुलाचा फोटो, खाली सुप्रभात, झालं. अशा पोस्टी रोज ढिगानं फिरतात आणि त्यांच्यासोबत चुकाही फिरतात, कारण एकाचं दुसऱ्यानं उचललेलं असतं, दुसऱ्याचं तिसऱ्यानं, आणि मग तुम्ही खात्री करायला चार साइट उघडल्या तरी चारही ठिकाणी तीच चूक दिसते आणि वाटतं की चौघं म्हणतायत म्हणजे बरोबरच असणार. तर हे जरा नीट कसं करायचं ते सांगतो. शाळेच्या फळ्यासाठी असो, ग्रुपसाठी असो, ऑफिसच्या न्यूजलेटरसाठी असो, पद्धत तीच.

आधी एक ठरवा, एका दिवसाला चार किंवा पाचच नोंदी द्यायच्या. वीस नोंदींची यादी कुणीही वाचत नाही, लोक स्क्रोल करून खालचा अंगठा दाबतात आणि पुढं जातात. पण चार निवडायच्या तर कच्चा माल मात्र वीसचाच लागतो.

उदाहरणासाठी ९ नोव्हेंबर घेऊ, हा दिवस मुद्दाम घेतोय, का ते पुढं कळेलच. विकिपीडियावर वर्षातल्या प्रत्येक तारखेचं वेगळं पान असतं, २९ फेब्रुवारीचं धरून ३६६, तिथून सुरुवात करायला काहीच हरकत नाही, फक्त तिथंच थांबायचं नाही. ९ नोव्हेंबरची कच्ची यादी साधारण अशी निघते: १७९९ ला नेपोलियनचा सत्तापालट, १८४८ ला रॉबर्ट ब्लूम या जर्मन नेत्याला व्हिएन्नात गोळ्या घातल्या, १९१८ ला जर्मनीत राजेशाही संपून प्रजासत्ताकाची घोषणा, १९२३ ला म्युनिकमध्ये हिटलरचं फसलेलं बंड, १९३४ ला कार्ल सेगन यांचा जन्म, १९३८ ला जर्मनीत ज्यूंची दुकानं आणि प्रार्थनास्थळं फोडली-जाळली ती रात्र, १९६२ ला महर्षी धोंडो केशव कर्वे यांचं निधन, १९६५ ला ईशान्य अमेरिकेतला प्रचंड ब्लॅकआउट, १९८९ ला बर्लिनची भिंत, २००० ला उत्तराखंड राज्य. अजूनही आहेत पण पुरे.

आता ही यादी चिकटवायची नाही. प्रत्येक ओळीला पहिला प्रश्न, त्या दिवशी नेमकं झालं काय? क्रियापद शोधा. "नेपोलियनचा सत्तापालट" हे क्रियापद नाहीये, हे शीर्षक आहे. त्या दिवशी, म्हणजे फ्रेंच क्रांतीच्या कॅलेंडरप्रमाणे आठव्या वर्षाच्या ब्रुमेअर महिन्याच्या १८ तारखेला, झालं एवढंच की संसदेची दोन्ही सभागृहं पॅरिसबाहेर सँ-क्लू इथं हलवायचा ठराव झाला आणि पॅरिसच्या फौजांची सूत्रं नेपोलियनकडं दिली गेली. सैनिकांनी सभागृहात घुसून सदस्यांना हुसकावलं ते दुसऱ्या दिवशी, १० तारखेला. मग ओळ कशी लिहायची? "सत्तापालट सुरू झाला" असं लिहा, बास, एका शब्दानं वाक्य खरं होतं.

हा क्रियापदाचा प्रश्न सगळ्यात जास्त कामाला येतो तो करार, कायदे आणि शोध यांच्या बाबतीत. अमेरिकेचं स्वातंत्र्य ४ जुलै १७७६, हे सगळ्यांना पाठ, पण ब्रिटनपासून वेगळं व्हायचा ठराव मंजूर झाला २ जुलैला, ४ ला जाहीरनाम्याचा मजकूर मंजूर झाला, आणि बहुतेक सह्या झाल्या २ ऑगस्टला. त्यामुळं "४ जुलैला सगळ्यांनी सह्या केल्या" असं लिहिलं की चुकलंच. भारताची राज्यघटना पण तशीच, स्वीकारली २६ नोव्हेंबर १९४९ ला, पूर्णपणे लागू झाली २६ जानेवारी १९५० ला, दोन्ही दिवशी "घटना तयार झाली" असं लिहिणाऱ्या पोस्टी असतात. शोधांचं तर विचारूच नका. "या दिवशी पेनिसिलिनचा शोध लागला" म्हणून २८ सप्टेंबर १९२८ ही तारीख सगळीकडं असते, आता त्या सुमाराला फ्लेमिंगना बशीतल्या बुरशीभोवतीचे जंतू मेलेले दिसले हे खरं, पण ते औषध म्हणून पेशंटला टोचलं जायला १९४१ उजाडलं आणि ते काम फ्लेमिंगनी नाही, ऑक्सफर्डच्या फ्लोरी आणि चेन यांच्या टीमनं केलं. म्हणून शोधाच्या नोंदीत "दिसलं", "जाहीर केलं", "पेटंट मिळालं", "पहिल्यांदा वापरलं" यातलं जे खरं ते लिहायचं, नुसतं "शोध लागला" नको.

दुसरा प्रश्न घड्याळाचा. रात्री घडलेली प्रत्येक घटना संशयित समजा. टायटॅनिक हिमनगाला धडकलं १४ एप्रिल १९१२ च्या रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी आणि बुडालं १५ ला पहाटे २ वाजून २० मिनिटांनी, म्हणजे दोन्ही तारखांना नोंद टाकता येते पण वाक्य वेगळं. चंद्रावरचं पहिलं पाऊल तर त्याहून गमतीचं, अमेरिकेत तेव्हा २० जुलै १९६९ ची रात्र होती, भारतात २१ ची सकाळ झालेली, साधारण साडेआठ. पर्ल हार्बरवरचा हल्ला हवाईत ७ डिसेंबर १९४१ ला झाला, जपानमध्ये तेव्हा ८ तारीख लागली होती, म्हणून जपानी पुस्तकात ८ दिसली तर ती चूक नव्हे. जर्मनीची शरणागती युरोपात ८ मे १९४५ ला पाळतात आणि रशियात ९ मेला, कारण बर्लिनमध्ये कागदावर सह्या होईपर्यंत रात्र झाली होती आणि मॉस्कोच्या घड्याळात तारीख उलटून गेली होती.

साधा नियम असा की जिथं घटना घडली तिथली तारीख लिहा, आणि तुमच्या वाचकाच्या घड्याळात दुसरी तारीख असेल तर ती पुढं अर्ध्या वाक्यात टाका. आणि वर्तमानपत्रावरून तारीख घेत असाल तर पेपर दुसऱ्या दिवशीचा असतो हे विसरू नका, कधी त्याहूनही उशिराचा. तेनसिंग आणि हिलरी एव्हरेस्टवर पोचले २९ मे १९५३ ला, लंडनमध्ये ती बातमी छापून आली २ जूनच्या सकाळी, राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकाच्या दिवशी, आणि जुन्या पेपरचं कात्रण बघून २ जूनला एव्हरेस्ट चढवायला कितीसा वेळ लागतो.

तिसरा प्रश्न कॅलेंडरचा, आणि इथं जरा बसून समजून घ्या कारण १५८२ ते १९२० च्या मधल्या काळात सगळ्यात जास्त घोळ इथंच होतात. आधी युरोपभर ज्युलियन कॅलेंडर होतं, त्यात दर चार वर्षांनी बिनचूक लीप वर्ष, त्यामुळं ते ऋतूंच्या मागं पडत गेलं. पोप तेरावे ग्रेगरी यांनी ते दुरुस्त केलं (हेच आजचं ग्रेगोरियन, म्हणजे नवं कॅलेंडर, आणि ज्युलियन ते जुनं) तेव्हा इटली, स्पेन, पोर्तुगालमध्ये ४ ऑक्टोबर १५८२ च्या दुसऱ्या दिवशी थेट १५ ऑक्टोबर आली. म्हणजे तिथं ५ ते १४ ऑक्टोबर १५८२ या तारखाच नाहीत, त्या तारखेला स्पेनमधली घटना कुणी दिली की सरळ काट मारा. संत तेरेसा ऑफ आव्हिला यांचा मृत्यू नेमका ४ तारखेनंतरच्या त्या रात्री झाला आणि त्यांचा दिवस १५ ऑक्टोबरला पाळला जातो, ५ ला नाही.

पण सगळे देश एकदम बदलले नाहीत ना, खरी डोकेदुखी ती. ब्रिटननं १७५२ पर्यंत दम काढला, तिथं २ सप्टेंबर १७५२ नंतर १४ सप्टेंबर. रशियानं तर क्रांती झाल्यावर, ३१ जानेवारी १९१८ नंतर १४ फेब्रुवारी. म्हणून ऑक्टोबर क्रांतीचा दिनविशेष ७ नोव्हेंबरला येतो, पेत्रोग्राडमध्ये त्या दिवशी भिंतीवर २५ ऑक्टोबर होती.

फरक किती दिवसांचा, हे शतकाप्रमाणे बदलतं. १५८२ पासून १७०० च्या फेब्रुवारीअखेरपर्यंत १० दिवस, मग १८०० पर्यंत ११, मग १९०० पर्यंत १२, आणि त्यानंतर १३. लोक सरसकट १३ मिळवून मोकळे होतात, तसं करू नका. रशियन कवी पुश्किनचा जन्म जुन्या पद्धतीनं २६ मे १७९९, अठरावं शतक म्हणून ११ मिळवायचे, ६ जून.

याचा सगळ्यात गाजलेला बळी म्हणजे ते वाक्य, "गॅलिलिओ गेला त्याच वर्षी न्यूटन जन्मला." गॅलिलिओ वारला ८ जानेवारी १६४२ ला, इटलीत, नव्या कॅलेंडरनं. न्यूटन जन्मला २५ डिसेंबर १६४२ ला, इंग्लंडमध्ये, जुन्या कॅलेंडरनं, आणि नव्यात तो दिवस ४ जानेवारी १६४३ होतो. एकाच कॅलेंडरनं मोजलं तर वर्षं वेगळी. गंमत म्हणजे स्टीफन हॉकिंग ८ जानेवारी १९४२ ला जन्मले, गॅलिलिओच्या मृत्यूनंतर बरोबर ३०० वर्षांनी, आणि ही नोंद मात्र एकदम पक्की आहे कारण दोन्ही तारखा नव्या कॅलेंडरच्या. तर योगायोग लिहायचाच असेल तर हा लिहा. शेक्सपिअर आणि स्पॅनिश लेखक सर्व्हान्टिस २३ एप्रिल १६१६ ला एकाच दिवशी गेले, हेही तसंच. शेक्सपिअरची २३ एप्रिल जुनी, म्हणजे नव्यानं ३ मे, आणि सर्व्हान्टिसचा मृत्यू बहुधा २२ चा, २३ ला दफन. जागतिक पुस्तक दिन २३ एप्रिलला आहे तो खुशाल लिहा, "एकाच दिवशी" तेवढं गाळा.

इंग्लंडच्या जुन्या नोंदीत अजून एक खड्डा आहे, १७५२ च्या आधी तिथं कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. जॉर्ज वॉशिंग्टनचा जन्म म्हणून जुन्या कागदात ११ फेब्रुवारी १७३१ आणि आज सगळीकडं २२ फेब्रुवारी १७३२, तारीखही सरकली आणि सालही.

हे सगळं परदेशाचंच आहे असं समजू नका. शिवराज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीख ज्युलियन आहे, तिथी ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६, आणि ग्रेगोरियननं तो दिवस १६ जून येतो. म्हणून लगेच १६ जूनला पोस्ट टाकायची का, तर अजिबात नाही. सगळीकडं रूढ झालेली, इतिहासाच्या पुस्तकात असलेली तारीख तशीच ठेवायची, तुमच्या नोंदींच्या शीटमध्ये (ती कशी करायची ते पुढं येतंय) फक्त बाजूला "ज्युलियन" असं लिहून ठेवायचं, म्हणजे कधी दोन घटनांमधले दिवस मोजायची वेळ आली तर एक जुनी आणि एक नवी अशी वजाबाकी होणार नाही.

एक युक्ती सांगतो, वार बघा. कॅलेंडर बदलताना तारखा उडाल्या पण वार कधीच तुटले नाहीत, ४ ऑक्टोबर १५८२ गुरुवार होता आणि १५ ऑक्टोबर शुक्रवार. त्यामुळं जुन्या पत्रात किंवा बखरीत वार दिलेला असेल आणि तो आजच्या कॅलेंडरशी जुळत नसेल तर समजायचं की एक तर तारीख जुन्या पद्धतीची आहे किंवा कुणीतरी टायपिंगमध्ये माती खाल्लीये.

आता शीट. एक्सेल घ्या, गुगल शीट घ्या, काहीही चालेल, पण तारीख एका कॉलममध्ये तारीख म्हणून टाकू नका. एक्सेल १९०० च्या आधीची तारीख तारीख म्हणून ओळखतच नाही, आणि वर १९०० हे लीप वर्ष होतं असं मानतं, त्यात २९ फेब्रुवारी १९०० ही तारीख चक्क चालते जी कधी उगवलीच नाही. म्हणून महिना, दिवस, साल असे तीन वेगळे कॉलम, साधे आकडे. मग ठिकाण, घटना एका वाक्यात, कुठून घेतली, कॅलेंडर जुनं का नवं, आणि शेवटी "तपासलं" हा कॉलम, त्यात हो किंवा नाही. नाही असेल तर पोस्टमध्ये जायचं नाही, कितीही भारी नोंद असली तरी. २९ फेब्रुवारीच्या ओळी (मोरारजी देसाई, १८९६) तशाच राहू द्या, लीप वर्ष नसताना त्या गुपचूप २८ ला ढकलू नका, ढकलल्या तर तसं लिहा. आणि स्वीडनमध्ये १७१२ ला ३० फेब्रुवारी खरोखर होती, कॅलेंडर बदलायचा त्यांचा अर्धवट प्रयोग फसला म्हणून एक दिवस परत जोडावा लागला होता, तेव्हा ती दिसली तर लगेच चूक म्हणून उडवू नका.

तपासायचं कसं, तर दोन असे सोर्स हवेत जे एकमेकांवरून उतरवलेले नाहीत. माणसाचं पान आणि घटनेचं पान वेगवेगळं उघडा, बऱ्याचदा एकाच साइटवर दोन वेगळ्या तारखा सापडतात आणि तिथंच कळतं की पाणी मुरतंय. जन्म-मृत्यूला मराठी विश्वकोश बघा. अवकाशाच्या नोंदींना नासा किंवा इस्रोची साइट, नोबेलसाठी नोबेलची साइट, राज्य किंवा कायदा असेल तर राजपत्र. फॉरवर्ड हा सोर्स नाही, आणि "सगळीकडं तसंच आहे" हाही नाही.

आता परत ९ नोव्हेंबर. निवड करायची तर आधी बघा की कुठल्या नोंदी एकमेकींना धरून आहेत. एकाच तारखेला दोन मोठ्या गोष्टी घडणं हा बहुतेक वेळा निव्वळ योगायोग असतो, लिंकन आणि डार्विन दोघं १२ फेब्रुवारी १८०९ ला जन्मले, त्यात काही अर्थ शोधू नका. पण कधी कधी तारीख मुद्दाम निवडलेली असते, २६ जानेवारी १९५० ची निवड १९३० साली त्याच दिवशी पाळलेल्या पूर्ण स्वराज्य दिनामुळं झाली, आणि अशी जोडी मिळाली की दोन वेगळ्या ओळी न करता एकच करा, ती दहापट चांगली वाचली जाते.

९ नोव्हेंबरमध्ये अशी साखळी आहे. १९१८ ला बर्लिनमध्ये प्रजासत्ताकाची घोषणा झाली. १९२३ ला तेच प्रजासत्ताक उलथवायला हिटलरनं म्युनिकमध्ये बंड केलं, फसलं. सत्ता आल्यावर नाझी दरवर्षी त्या बंडाचा दिवस म्युनिकमध्ये जमून साजरा करायचे, आणि १९३८ ला तशाच जमावात नाझींचा प्रचारमंत्री गोबेल्सनं भाषण केलं आणि त्या रात्री ज्यूंवरचे हल्ले देशभर पेटले. म्हणजे १९२३ आणि १९३८ यांचं नातं योगायोगाचं नाही. १९८९ चं मात्र योगायोगाचं, आणि तेही जेमतेम जुळलेलं. पूर्व जर्मनीनं प्रवासाचे नवे नियम केले होते, ते जाहीर व्हायचे होते १० तारखेच्या पहाटे, अर्ज करा, व्हिसा घ्या, मग जा, असे. पक्षाचे प्रवक्ते ग्युंटर शाबोव्स्की यांच्या हातात तो कागद संध्याकाळच्या प्रेस कॉन्फरन्सच्या जरा आधी पडला, पत्रकारानं विचारलं कधीपासून, त्यांनी कागद चाळले आणि म्हणाले, माझ्या माहितीप्रमाणं लगेच. टीव्हीवर लाइव्ह. लोक बर्लिनच्या भिंतीवरच्या नाक्यांवर जमले, रात्री साडेअकराच्या सुमाराला बॉर्नहोल्मर रस्त्यावरच्या अधिकाऱ्यानं फाटक उघडलं. कागद नीट वाचला असता तर दिनविशेषात आज कदाचित १० नोव्हेंबर असती. आणि पुढं एकीकरणाचा राष्ट्रीय दिवस ठरवताना जर्मनीनं ३ ऑक्टोबर धरला, ९ नोव्हेंबरवर १९३८ चं ओझं होतं.

मग माझी त्या दिवसाची निवड काय होईल? जर्मनीची साखळी एका मोठ्या नोंदीत, कर्वे, ब्लॅकआउट, सेगन. नेपोलियन जागा उरली तर. उत्तराखंड वाचक कोण आहेत त्यावर, पंचवीस-तीस वर्षांच्या आतल्या घटना लोकांना आठवत असतात, त्यांना एक ओळ पुरते.

लिहिताना साल आधी, मग कोण, कुठं, काय, आणि एकच तपशील जो डोक्यात राहील. "१९६५: अमेरिकेत वीज गेली" ही नोंद मेलेली आहे. "१९६५: नायगाराजवळच्या वीजकेंद्रातला एक रिले संध्याकाळी सव्वापाचला ट्रिप झाला आणि न्यूयॉर्कसकट ईशान्य अमेरिका आणि कॅनडाच्या ओंटारिओत सुमारे ३ कोटी लोक अंधारात गेले, काही ठिकाणी १३ तास" ही कुणीतरी पुढं पाठवेल. कर्व्यांच्या नोंदीत "थोर समाजसुधारक" लिहून थांबू नका, ते सगळ्यांनाच लावतात. १०४ वर्षं जगले, शंभरीच्या साली म्हणजे १९५८ ला भारतरत्न मिळालं, महिला विद्यापीठ १९१६ चं. त्यातलं एक घ्या.

"कितवी" हा आकडा टाकताना हळू. १५ ऑगस्ट २०२२ ला स्वातंत्र्याला ७५ वर्षं पूर्ण झाली पण स्वातंत्र्यदिन ७६ वा होता, कारण पहिला १९४७ चाच. दोन्ही आकडे बरोबर, एकमेकांच्या जागी टाकले की चूक, आणि दरवर्षी कॉमेंटमध्ये भांडणं होतात ती यावरूनच. इसवी सनापूर्वीचं साल असेल तर मध्ये शून्य साल नाही हे लक्षात ठेवा, सीझरचा खून १५ मार्च इ. स. पू. ४४, त्याला २००० वर्षं १९५७ ला झाली, १९५६ ला नाही.

फोटोबद्दल एवढंच की नावानं सर्च करून पहिला आला तो लावू नका, एकाच नावाची दोन माणसं असतात.

आणि पोस्ट गेल्यावर कुणी चूक दाखवली तर आधी ती तपासा, दाखवणाराही फॉरवर्डवरूनच बोलत असू शकतो. खरंच चूक असेल तर पोस्टच्या आधी शीट दुरुस्त करा, सोर्सच्या कॉलममध्ये नवा सोर्स टाका आणि जुना का काढला ते दोन शब्दांत लिहा, कारण पोस्ट संध्याकाळपर्यंत वाहून जाते, पण ती ओळ पुढच्या वर्षी त्याच तारखेला परत तुमच्यासमोर येते आणि तोवर तुम्हाला काहीही आठवत नसतं.